हौसाचा पाट

शहाड,
१४ नोव्हेंबर १९९३

परशुराम,

आशीर्वाद द्यावा की देऊ नये, यातच दोन दिवस गेले. शेवटी देते. मोठी बहीण आहे, तेवढा हक्क अजून कुणी काढून घेतलेला नाही.

चंदाचं लग्न ठरलं हे मला मावशीच्या तानाजीने शहाडच्या पुलावर सांगितलं. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न, आणि आत्याला बातमी मिळते पुलावर, हातात रॉकेलचा डबा असताना. मुलगा ठाण्याचा, बँकेत आहे, माणसं चांगली आहेत, हॉल मानपाड्याला घेतलास. बरं केलंस. साखरपुड्याला तुझ्या विमलने जांभळा शालू नेसला होता आणि चंदा जेवलीच नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस.

रागाने लिहीत नाहीये. म्हणजे रागानेच लिहितेय, पण काम आहे म्हणून लिहितेय.

आई माझ्याकडे आली त्याला दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली ती गेलीच, जीभही परत आली नाही. तू एकदा आलेलास. चपला न काढता दारात उभा राहिलास, आईकडे बघण्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलंस आणि ऑफिसची वेळ झाली म्हणून गेलास. ती आई कोण होती याची तुला आठवण करून देते, कारण डोंबिवलीला राहायला गेल्यापासून तुला बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर कोळ्या-आगऱ्यांच्या घरी लग्न असलं की आधी मनुबाय धवलारीण यायची, भट मागाहून. तिच्या गळ्यातून धवला सुरू झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. मोठमोठे नाखवे तिच्यासमोर मान खाली घालून बसायचे. तू तिच्या मांडीवर झोपून ते धवले ऐकलेस.

आणि आवतण विसरला असशील तर तेही सांगते. भट येतो तो बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घेतो. बायकांची नावं कुठे असतात? ती आईकडे होती. मांडवात बसली की ती आधी घरातल्या गेलेल्या बायकांना बोलावणं करायची. सासूमागून सून, तिच्यामागून तिची सून, जशा त्या घरात आल्या तशा. एका दमात एक नाव, आणि मग एक श्वासभर गप्प. त्या गप्प वेळात ती बाई येऊन मांडवात बसते, असं आई म्हणायची. दुसऱ्या गावात कशी रीत आहे मला माहीत नाही. आपल्या आईची ही होती, तिच्या आजेसासूपासून.

तर चंदाच्या मांडवात हे आवतण झालं पाहिजे. आई गाऊ शकत नाही, मी गाईन. माझा आवाज फाटका आहे, मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस. आणि शेवटचं नाव हौसाचं येईल. लेकीच्या लग्नाला तिच्या जन्मदात्या आईला बोलावणं गेलं पाहिजे, परशुराम. माझी मागणी एवढीच आहे. आहेराची साडी नको, मानपान नको.

कळव.

मालू


शहाड,
२ जानेवारी १९९४

परशुराम,

तुझं आंतरदेशीय मिळालं. "सदर विषय आपण येथेच थांबवावा हे इष्ट." मी काय तुझ्या कंपनीला माल पुरवते? बहिणीला लिहितोयस रे. घरात "गो मालू" म्हणणारा माणूस पोस्टाच्या कागदावर "आपण" म्हणायला लागला की समजायचं, त्याला कसली तरी भीती वाटतेय.

तू लिहितोस, मी "त्या लोकांत" बसायला लागले, धर्म सोडला, आता मला मांडवात गायचा अधिकार नाही. तेव्हा एकदाच नीट सांगते.

त्या लोकांत म्हणजे कमळाबाईकडे. शेजारच्या खोलीत राहते, नाव तुला माहीत आहे, आईची वस्त्रं धुवायला माझ्या बरोबरीने तीच बसते. तू नाही बसलास. आईला झटका आल्यावर मी वेड्यासारखी झालेले. कुणावर तरी ओरडल्याशिवाय दिवस जात नव्हता. नवऱ्यावर, रघुवर ओरडायचे, भांड्यांवर ओरडायचे. कमळाबाई म्हणाली, चल माझ्याबरोबर विहारात, अर्धा तास बसून श्वास बघ, काही मागायचं नाही, काही म्हणायचं नाही. मी गेले. नंतर इगतपुरीच्या शिबिरालाही गेले. तिथे बोलायचंच नाही हे ऐकून रघु हसतच सुटला. म्हणाला, मालू आणि मौन, तिकीट काढून बघायला येतो.

तिथे पहिल्या सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, श्वास येतोय तो बघा, जातोय तो बघा, ओढू नका, ढकलू नका, त्याला त्याच्या जागी बसू द्या. आणि मला रडू फुटलं. सगळ्या बायका डोळे मिटून शांत, आणि मी पदर तोंडात कोंबून रडतेय. कारण हे मला येत होतं रे. धवला सुरू करायच्या आधी आई जात्यापाशी बसायची, हात पोटावर, डोळे अर्धे मिटलेले, आणि कुणी घाई केली की म्हणायची, "दम बसूं दे गो. दम बसला का नाव नीट येतं." आपण पोरं हसायचो, आईला झोप लागली म्हणून. ती झोपत नव्हती. ती श्वास बघत होती. तिला कुणी शिबिराला धाडलं नव्हतं, तिच्या सासूने शिकवलेलं.

तेव्हा मी धर्मबिर्म काही सोडलेला नाही. आपले टाक माझ्या फळीवर आहेत, रोज फूल पडतं. त्यांच्यासमोरच चटई टाकून बसते. पहाटे आईला टेकवून बसवते आणि दोघी श्वास बघतो. शेवटी कमळाबाईच्या विहारात जसं सगळ्या जिवांचं भलं होवो म्हणतात, तसं मीही म्हणते, आणि मग आपल्या बायकांची नावं घेते. आई ऐकते. चुकलं की डावा हात जमिनीवर आपटते. असं करत करत मी सगळं आवतण शिकले. ती बोलत नसताना शिकले, आणि तुला वाटतं मला अधिकार नाही.

आणि एकवीरेला आपण चैत्रात जातो ना रे? आईच्या देवळाला खेटून काय आहे? बुद्धाचं लेणं. केवढा मोठा तो दगडाचा स्तूप. आपला बापूस त्याच्या सावलीत बसून कोंबडं सोलायचा आणि लेण्यातल्या थंडाव्यात आपण पोरं झोपायचो. आई एकवीरा आणि तो बुद्ध इतकी वर्षं शेजारी राहतात, भांडले नाहीत. तुला काय एवढी घाई झाली त्यांच्यात कुंपण घालायची?

लोक हसतील, हेही लिहिलंयस. हसू देत. हॉलमध्ये बँडवाला पिक्चरची गाणी वाजवणार तेव्हा कुणी हसत नाही, आणि आपल्या आईचा धवला ऐकून हसतील, तर त्यांना जेवायला कशाला बोलावतोस?

खरं कारण यातलं एकही नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. ते तू लिहिशील याची वाट बघते.

मालू


शहाड,
२० फेब्रुवारी १९९४

परशुराम,

लिहिलंस एकदाचं. "बाकी सर्व नावे घे, माझी हरकत नाही. फक्त तिचे वगळ. विमलला वाईट वाटेल."

विमलच्या पदराआड लपू नकोस. विमल भली बाई आहे. चंदाची वेणी तिने घातली, तापात तिने उशाशी बसून रात्री काढल्या, हे मी कुणापुढेही म्हणेन. पण तुला ज्याची भीती वाटतेय ते विमलचं दुःख नाही. हौसाचं नाव मांडवात मोठ्याने घेतलं की माणसं एकमेकांना विचारतील, हौसा कशी गेली रे. आणि उत्तर देणाऱ्या चार म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत.

मी देऊ उत्तर? देतेच.

हौसा डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. तू शिकत होतास तेव्हा तिची पाटी होती, म्हणून तुझी वही होती. नोकरी लागली, मानपाडा रोडला ब्लॉक घेतलास, तिथल्या बायका जिन्यात नाकाला पदर लावायला लागल्या. तेव्हा तू तिला पाटी सोडायला लावलीस. तिने सोडली. तरी म्हणालास, वास येतो. अंगाला येतो, केसांना येतो. आणि एक दिवस तिला ठाण्याला आईच्या घरी आणून सोडलंस, थोडे दिवस राहा म्हणून. चंदा कडेवर होती. तुला वास येत होता तो तिच्या अंगाचा नव्हता रे, आपल्या सगळ्यांच्या घराचा होता. तुझ्या आईचाही होता. पण आईला बाहेर काढता येत नव्हतं.

मी तेव्हा तिच्यासाठी माहेरी येऊन राहिलेले, मी बघितलं आहे. संध्याकाळ झाली की ती तोंड धुवायची, केस विंचरायची, अबोलीची वेणी माळायची आणि पाट घेऊन दारासमोर बसायची. ते ऑफिस सुटून येतील म्हणायची. खाडीवर अंधार पडेपर्यंत बसायची. पुढे कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, तरी पाट हलवू द्यायची नाही. तुला निरोप धाडले. तानाजी स्वतः गेला. तू आलास तेव्हा आम्ही तिला नेऊन परत आलेलो, आणि आई ओटीवर पाणी ओतत होती. तू आईला विचारलंस, चंदा कुठे आहे. हौसाचं नावसुद्धा घेतलं नाहीस. त्या दिवसापासून आजपर्यंत घेतलेलं नाहीस. चंदाने एकदा आईचा फोटो मागितला तर म्हणालास, पुरात गेला. ठाण्याच्या आपल्या घरात कधी पूर आला होता रे?

हे मला कुणी सांगितलं, ते आता सांगून टाकते, कारण मला लपवाछपवीचा कंटाळा आला. चंदा माझ्याकडे येते. कल्याणला टायपिंगच्या क्लासला जाते ना, तो क्लास कधीच संपला. पुढच्या स्टेशनला उतरते ती इथे. आजीच्या शेजारी चटईवर बसते, श्वास बघते. पहिल्यांदा आलेली तेव्हा तिला आईचं नावच माहीत नव्हतं. वीस वर्षांची मुलगी, आणि तिला वाटत होतं हंसा. मी "हौसा" म्हटल्यावर आजीने डावा हात आपटला नाही, तेव्हा तिला पटलं की हेच बरोबर. मग ती ते नाव कितीतरी वेळ नुसतं म्हणत बसलेली. तिला रागवायचं असेल तर मला रागव. तिला हात लावलास तर मी डोंबिवलीला येईन, आणि तुझ्या जिन्यात उभी राहून बोलेन. माझा आवाज किती जातो तुला माहीत आहे.

तर वगळायचं म्हणतोस, ते होणार नाही. सासूमागून सून अशी ती रांग आहे. एक बाई काढलीस की तिच्या मागून येणारीला दार कुठलं? चंदा हौसाच्या पोटातून या जगात आली. आईचं नाव न घेता तिला मांडवात बसवणं म्हणजे तिला बिनमायची म्हणणं. मी म्हणणार नाही. सगळी नावं, नाहीतर माझं तोंड बंद आणि मग तू चंदाला काय सांगायचं ते सांग. चंदाने मला काय सांगितलंय ते मात्र ऐक. ती म्हणते, धवला नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. शांतपणे म्हणते. ओरडत नाही, रडत नाही. एवढी शांत मुलगी आपल्या घरात पहिल्यांदाच जन्माला आली आहे, तेव्हा जपून.

मालू


शहाड,
११ एप्रिल १९९४

परशुराम,

पत्रिका पोचली. पोस्टाने. असो, पोचली.

चंदाच्या हट्टापुढे तू धवल्याला हो म्हटलंस, आणि धवलारीण ठरवलीस मुंब्र्याकडची गोदूबाई. हुशार आहेस. धवला झाला, हट्ट पुरा झाला आणि मालूचं तोंडही बांधलं. गोदूबाईला आपल्या घरातलं काय माहीत, तू सांगशील तेवढी नावं ती घेईल.

गोदूबाईशी माझं काही वाकडं नाही. खणखणीत आवाजाची बाई आहे, आईला मानायची. पण एक सांगून ठेवते. ती आईच्या हाताखालची आहे, म्हणजे आवतण ती आपल्याच रीतीने करणार. रांगेत नाव येईल ते गेलेल्या बाईचंच, हे धरून गाणार. तिला तू जे सांगशील ते नीट बघून सांग. मेलेलीला लपवता येतं असं तुला वाटतं, पण तिची जागा कुणीतरी भरावी लागते.

मी येतेय. आईला घेऊन येतेय, रघुने टेम्पो ठरवलाय. आम्ही पहिल्या रांगेत बसू. दाराशी उभा राहून अडवायचं असेल तर अडव, आईला उचलून बाजूला ठेवायला चार माणसं लागतील, तेवढी तयार ठेव.

भांडायला येत नाहीये. गप्प बसेन. बसायला मी आता शिकले आहे.

मालू


शहाड,
११ मे १९९४

परशुराम,

तू तानाजीकडे आहेस एवढं कळलं. जेवतोस की नाही ते कळलं नाही. तानाजीची बायको बोंबलाचं कालवण छान करते, वासाचं तुझं तू बघ.

रविवारी हॉलमधून तू गेलास आणि पुढचं काही बघितलं नाहीस. मुलीचं लग्न कसं लागलं हे बापाला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते. तुझ्यासमोर घडलं तेवढं तुला माहीत आहे, पण ते तसं का घडलं हे माहीत नसेल, म्हणून आधी ते.

गोदूबाईने सकाळी तुला विचारलं, बायकांची नावं सांगा. तू सांगितलीस. शेवटी तिने विचारलं, आणि पोरीची आयस? तू म्हणालास, विमल. मग ती आत चंदाला हळद लावायला गेली. तिथे गोदूबाईने मायेने विचारलं, पोरी, तुझी आयस आहे ना? चंदा खरं तेच बोलली. म्हणाली, माझी आई मी लहान असताना गेली. गोदूबाईची काय चूक? बाप म्हणतो आई विमल, मुलगी म्हणते आई गेलेली. तिने दोन्ही जोडलं. तुझं खोटं आणि चंदाचं खरं, दोन्ही एका गाण्यात बसवलं.

आणि भर मांडवात, आपल्या आजीनंतर आईची जागा सोडून, कारण आई जिवंत समोर बसलेली, गोदूबाईने दम घेतला आणि म्हटलं, "ये गो विमलबाय, लेकीचे मांडवान ये."

विमल तुझ्या शेजारी उभी होती, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. जितीजागती.

त्यानंतर काय झालं ते तू बघितलंस. म्हाताऱ्यांनी तोंडावर हात घेतले. आईने डावा हात खुर्चीच्या दांड्यावर असा आपटला की बांगडी फुटली. जिवंत बाईला मेलेल्यांच्या रांगेत बोलावलं, याच्याइतका मोठा अपशकुन आपल्या लोकांत दुसरा नाही. तू गोदूबाईवर ओरडलास, म्हातारे तुला अक्कल आहे का म्हणालास. ती बिचारी म्हणाली, तुम्हीच नाव दिलंत, आता तुम्हीच खरं नाव घेऊन हे उलटवा. देणाऱ्यानेच उलटवायचं असतं, ही रीत तुलाही माहीत आहे. सगळा हॉल तुझ्याकडे बघत होता. दोन अक्षरं होती रे. हौ आणि सा. तुझे ओठ हलले, मी बघितलं. आणि मग तू वळलास आणि मागच्या दाराने निघून गेलास. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आता तुझ्यामागचं.

 मुलाकडची माणसं उठायच्या बेतात होती. मला वाटलं आता उठावं, ओरडावं, अठरा वर्षांचं सगळं त्या माईकवर ओतावं. तोंडाशी आलेलं. पण बसून राहिले. श्वास जोरात चालला होता, तो बघितला. राग आला तोही बघितला. तो जाईना, पण तो बसला. शेजारी कमळाबाई होती, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हो, कमळाबाईला मी घेऊन आलेले. पहिल्या रांगेत.

मग विमलने ताट खाली ठेवलं. तुला तिची काळजी होती ना, तिला वाईट वाटेल म्हणून? ती मांडवाच्या मध्यभागी आली, आवाज स्पष्ट होता. "मी जिवंत आहे," ती म्हणाली. "माझ्या आधी या घरात हौसा आली. हिची आई ती. तिच्या जागेवर मला बसवू नका. तिला बोलवा."

गोदूबाई म्हणाली, माझा दम तुटला, आता या घरच्या बाईने घ्यावं. आणि माझ्याकडे बघितलं.

उठले.  पोटावर हात ठेवला आणि उभी राहिले नुसती. मुहूर्त टळतोय म्हणून कुणीतरी कुजबुजलं. मी म्हटलं, दम बसू दे. माझ्याच तोंडून आईचा आवाज आल्यासारखा वाटला, आणि पहिल्या रांगेत आई हसली. अर्ध्या तोंडाने, पण हसली. मग मी सुरुवातीपासून घेतलं. अगदी पहिल्या बाईपासून. कोळी समाजाच्या पोरांनी बँड बंद करायला लावला. एक नाव, एक श्वास गप्प. एक नाव, एक श्वास गप्प. माझा आवाज तीनदा फाटला, कुणी हसलं नाही.

शेवटी घेतलं. "ये गो हौसाबाय, लेकीचे मांडवान ये."

आणि गप्प झाले. पंखा फिरत होता तो ऐकू येत होता. चंदा डोळे मिटून बसलेली, मुंडावळ्या हलत नव्हत्या. हौसा आली का? मला माहीत नाही, परशुराम. मी खोटं सांगणार नाही, सुगंध आला, वारा सुटला, असलं काही झालं नाही. एवढंच झालं की त्या एका श्वासात अख्ख्या हॉलमध्ये एकही माणूस असा नव्हता जो हौसाला आठवत नव्हता. ज्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं तेसुद्धा आठवत होते. मला वाटतं येणं म्हणजे हेच असेल.

कन्यादानाला विमल बसली. एकटी. भटजी चांगला माणूस निघाला, म्हणाला, बसा बाई, हात पुढे करा. लग्न लागलं. जेवणं झाली. मुलाच्या आजीने जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या घरच्या बायकांची नावं लावून द्याल का, आम्ही विसरलो. म्हटलं, या शहाडला, आधी बसायला शिकवते, मग नावं आठवतील.

आता तुझं काम.

बोलावलेल्यांना परत पाठवावं लागतं, हे तुला माहीत आहे. सोमवारी सकाळी आम्ही तांदूळ आणि फुलं घेऊन शहाडला नदीवर गेलो, आई, मी, विमल आणि कमळाबाई. एकेकीचं नाव घेतलं, तांदूळ सोडले, सुखाने जा म्हटलं. सगळ्यांना पोचवलं. हौसाला मात्र नाही पोचवलं.

विमल म्हणाली, मी सोडू का तिचे तांदूळ? आईने हात आपटला. मी म्हटलं मी सोडते, तर आणखी जोरात आपटला. मग कळलं. ज्याने ताटकळत ठेवलं त्यानेच उठवायचं.

तेव्हा हौसाचे तांदूळ ओंजळभर राखून ठेवलेत. तुझी कुणी माफी मागणार नाही आणि तुला कुणी हात धरून आणणार नाही. रघु म्हणाला, जाऊ दे ना मालू, मी जाऊन समजावतो त्याला. मी नको म्हटलं. स्वतःच्या पायाने यायचं, चपला काढायच्या, आईच्या शेजारी चटईवर बसायचं. दम बसू द्यायचा, कितीही वेळ लागो, आम्ही घाई करणार नाही. मग तिचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि सुखाने जा म्हणायचं. शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

नाही आलास तर मी काही करणार नाही. ती राहील इथेच, आमच्यात. तिला तुझी वाट बघायची सवय आहे.

पाट मी दारासमोर मांडलाय.

मालू